कुत्र्याचा जीव नेमका कुणावर जडतो?

मृण्मयी
बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, आज लिहूनच टाकते.

कुत्रं घरात येतं ते कुणाच्या तरी हट्टाने. नाव एक जण ठेवतो, फोटो दुसरा काढतो, लसीकरणाच्या कार्डावर मालक म्हणून तिसऱ्याचं नाव असतं. आणि काही महिन्यांत कुत्रं परस्पर ठरवून टाकतं की आपलं माणूस कोण. बऱ्याच घरांत ते माणूस या तिघांपैकी कुणीच नसतं.

आमच्याकडे शेरी आईची आहे. आणली भावाने, लाड करते मी, पण शेरी आईची. "जेवण आई देते ना, म्हणून," असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही, कारण कित्येकदा जेवण मीच देते. शेरी खाते, भांडं चाटूनपुसून स्वच्छ करते आणि आई जिथे असेल तिथे जाऊन बसते.

आई काय करते ते मी नीट बघायला लागले. गोचीड आईच काढते. कान आई पुसते. पोट बिघडलं की पहाटे आई उठते. विजा कडाडायला लागल्या की शेरी कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत शिरते. मी असले तर "ये ये, बाहेर ये" करत बसते. आई तिला ओढत नाही, सारखी कुरवाळतही नाही. फटीच्या तोंडाशी जमिनीवर बसते आणि हातात असेल ते काम चालू ठेवते. थोड्या वेळाने आईच्या कोपराखालून एक नाक बाहेर येतं. मग अर्धं डोकं. गडगडाट झाला की पुन्हा आत, पण आता आधीपेक्षा कमी आत.

याबद्दल वाचायला घेतलं तेव्हा एक जुना प्रयोग सापडला. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी लहान मुलांसाठी एक चाचणी तयार केली होती. अनोळखी खोली, अनोळखी माणूस, आई मधेच बाहेर जाते आणि परत येते; त्या वेळी मूल काय करतं ते बघायचं. हंगेरीतल्या योजेफ तोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती चाचणी थोडी बदलून ५१ कुत्र्यांवर आणि त्यांच्या माणसांवर केली. १९९८ साली ते प्रसिद्ध झालं. आपलं माणूस खोलीत असताना कुत्री जास्त खेळली, खोली हुंगत जास्त फिरली. माणूस बाहेर गेल्यावर दाराशी जाऊन उभी राहिली. परत आल्यावर आधी त्याच्याकडे धावली. मुलं जवळपास असंच वागतात.

म्हणजे आपण ज्याला इमान म्हणतो ते धन्याशी असलेलं इमान नसावं. तो ज्याच्या जिवावर जग धीटपणे हुंगता येतं त्या माणसाचा आधार असावा. आणि तो आधार लसीकरणाच्या कार्डावरच्या नावाला मिळत नाही, रोज निगा राखणाऱ्या हाताला मिळतो, असं माझं म्हणणं आहे. तुमच्या घरी काय दिसतं? लिहा प्लीज.

रानवारा
धागा आवडला. मी सुट्टीच्या दिवशी भटक्या आणि सोडून दिलेल्या कुत्र्यांच्या एका निवाऱ्यात काम करतो, तिथलं सांगतो.

नवीन आलेलं कुत्रं पुष्कळदा पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून बसतं. आत जाताना त्याच्याकडे थेट बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही, नाव घेऊन लाडीगोडी लावायची नाही. पाणी बदलायचं, जमीन धुवायची, मग त्याच्याकडे पाठ करून खाली बसायचं. तेवढंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. नवख्या माणसांना वाटतं की हे फुकट बसणं आहे. पण एक दिवस मागून पाठीला काहीतरी टेकतं. कुत्रं सगळं वजन टाकून रेललेलं असतं आणि तोंड मात्र अजून दुसरीकडेच असतं. त्या वेळी वळून बघायचं नाही, हे शिकायला मला फार जड गेलं. इतका आनंद होतो की मिठी मारावीशी वाटते.

तुम्ही लिहिलेल्या प्रयोगाचा पुढचा भाग माझ्या जास्त जिव्हाळ्याचा आहे. त्याच हंगेरियन गटातल्या मार्ता गाची आणि सहकाऱ्यांनी २००१ साली निवाऱ्यातल्या मोठ्या कुत्र्यांवर काम केलं. ही कुत्री माणसाच्या सहवासाला पारखी झालेली. प्रत्येकाला एका ठरावीक माणसाबरोबर दहा-दहा मिनिटं तीनदा घालवायला मिळाली. मग तीच चाचणी. तेवढ्या सहवासावर ती कुत्री त्या माणसाशी आपल्या माणसासारखी वागली. एकूण अर्धा तास!

"मोठं कुत्रं दत्तक घेऊ नये, ते जीव लावत नाही" असं जे सर्रास बोललं जातं, ते म्हणून मला सहन होत नाही. त्यांची जीव लावायची तयारी आपल्यापेक्षा कितीतरी जास्त असते. त्यामुळेच नवीन स्वयंसेवकांना आम्ही एकच गोष्ट हात जोडून सांगतो. ज्या दिवशी येणार म्हणालात त्या दिवशी या. जमणार नसेल तर चार कुत्र्यांत मिसळून काम करा, एकालाच लळा लावू नका. वाट बघणारं कुत्रं फाटकाकडे कसं कान लावून बसतं ते आम्हाला बघावं लागतं.

गार्गी_व्हेट
मी पशुवैद्य आहे. मृण्मयी, तुमचं निरीक्षण माझ्या टेबलावर रोज खरं ठरतं.

कुत्र्याला घेऊन तिघंचौघं येतात. एक जण बोलत असतो, आजाराची हकिगत तोच सांगतो. मी थर्मामीटर हातात घेते आणि कुत्रं घाबरून कुणाच्या तरी काखेत तोंड खुपसतं. मग माझे खरे प्रश्न मी त्या माणसाला विचारते. पाणी किती पितो? शी कशी होते? उठताना आधी कुठला पाय टेकतो? त्या माणसाला सगळं ठाऊक असतं. बोलणारा बहुतेक वेळा त्याच्याकडेच बघत राहतो.

जेवणाबद्दल थोडं. अन्नामुळे ओळख होते, पुढचं नातं त्यावर फार काळ उभं राहत नाही. ग्रेगरी बर्न्स या अमेरिकन मेंदूशास्त्रज्ञाने कुत्र्यांना एमआरआय यंत्रात न हलता पडून राहायला शिकवलं. भूल नाही, बांधणं नाही, वाटेल तेव्हा उठून जायची मुभा. त्याच्या गटाचं २०१६ सालचं काम आहे. १५ कुत्र्यांना एका खुणेनंतर खाऊ मिळायचा आणि दुसऱ्या खुणेनंतर आपल्या माणसाची शाबासकी. बहुतेकांच्या मेंदूतल्या सुखाच्या भागाने शाबासकीला खाऊइतकाच किंवा त्याहून जास्त प्रतिसाद दिला. त्याआधीच्या एका प्रयोगात नुसता ओळखीच्या माणसाचा वास दिला होता, माणूस समोर नव्हता. तरी तोच भाग जागा झाला.

आणि हे एकतर्फी नसतं. जपानमध्ये मिहो नागासावा आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवलं, की जी कुत्री आपल्या माणसाच्या डोळ्यांत जास्त वेळ बघतात त्यांच्या आणि त्या माणसांच्याही लघवीत अर्ध्या तासाच्या सहवासानंतर ऑक्सिटोसिन वाढलेलं असतं. आई आणि तान्हं बाळ यांच्यातल्या ओढीत जे संप्रेरक काम करतं, तेच हे. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांमध्ये मात्र हे दिसलं नाही. म्हणजे नुसतं माणसाळवलं म्हणून हे होत नाही; हजारो वर्षं बरोबर राहिल्यावर कुत्र्यांत ते आलेलं असावं.

एक सूचना करते, कारण हे वाचून लोक लगेच प्रयोग करतात. अनोळखी कुत्र्याच्या डोळ्यांत रोखून बघू नका. त्याला ती धमकी वाटते. डोळ्यांतलं बोलणं फक्त आपल्या कुत्र्याशी.

तटस्थ
सगळं छान आहे, पण थोडा विरोधी सूर लावतो. माझ्याकडेही कुत्रा आहे आणि माझाही त्याच्यावर जीव आहे, हे आधीच सांगतो.

आपण आपल्या भावना त्यांच्यावर फार लादतो. साधं उदाहरण म्हणजे "अपराधी चेहरा". उशी फाडली की कान पाडून, डोळे चोरून बसतो ना, त्याला आपण पश्चात्ताप म्हणतो. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली हे तपासलं. माणसाला बाहेर पाठवलं आणि परत आल्यावर कधी खरं सांगितलं, कधी खोटं, की कुत्र्याने मनाई केलेला खाऊ खाल्ला. तो चेहरा कुत्र्याने खरंच काही केलं होतं की नाही यावर अवलंबून नव्हता. माणूस रागावला की दिसायचा. आणि ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांना ओरडा बसला, तेव्हा तो सर्वांत जास्त दिसला.

आणखी एक. कुत्र्यांमध्ये भुवईचं आतलं टोक वर उचलणारा एक स्नायू असतो, लांडग्यांमध्ये तो जवळपास नसतोच; २०१९ साली हे प्रसिद्ध झालं. भुवई वर गेली की डोळे मोठे आणि केविलवाणे दिसतात. आपण विरघळतो. अशी विरघळवणारी कुत्री माणसाने पिढ्यान्‌पिढ्या जास्त सांभाळली असणार. तेव्हा "तो माझ्याकडे असा बघतो म्हणजे त्याला माझं सगळं कळतं" हे म्हणताना जरा थांबावं.

मृण्मयी
@तटस्थ, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. अपराधी चेहऱ्याबद्दल शंभर टक्के सहमत. त्या प्रयोगाने माझं म्हणणं उलट पक्कंच होतं. उशीचं काय झालं याच्याशी त्या कुत्र्याला देणंघेणं नाही. आपलं माणूस आपल्यावर रागावलं आहे, एवढंच त्याला कळतं आणि तेवढ्यानेच ते आक्रसून जातं. ज्याच्या नाराजीने इतका फरक पडतो तो आपल्याला कोण असतो?

म्हणून तर ओरडताना विचार करायला हवा. तासाभरापूर्वी फाडलेल्या उशीचा आणि आत्ताच्या रागाचा संबंध त्याला लागत नाही. आपला आधार मधूनच उगाच भीतीदायक होतो, एवढंच त्याच्या लक्षात राहतं.

भुवईबद्दल म्हणाल, तर लहान बाळाचं हसूही आपल्याला विरघळवतंच. ते आपल्याला बांधून ठेवतं म्हणून खोटं कसं ठरेल?

तटस्थ
मान्य. शब्द जपून वापरू, नातं नाकारत नाही. व्हिएन्नात २०१३ साली झालेलं एक काम मलाही आवडतं. खाऊ लपवलेलं कोडं कुत्र्यांना सोडवायला दिलं. आपलं माणूस खोलीत होतं तेव्हा, ते गप्प बसलेलं असलं तरी, कुत्र्यांनी जास्त वेळ खटपट केली. अनोळखी माणूस बसला होता तेव्हा तेवढी केली नाही. तुमच्या आई फटीच्या तोंडाशी बसून जे करतात ते हेच.

सदाफुली
मी फॉस्टर करते. आईविना सापडलेली किंवा आजारातून उठलेली पिल्लं कायमचं घर मिळेपर्यंत माझ्याकडे असतात. मला कायम विचारतात, "एवढा जीव लावून देऊन कशी टाकतेस? त्या पिल्लाला किती वाईट वाटत असेल!"

वाईट वाटतं. मला तर फारच. पण पिल्लाचं गणित वेगळं आहे. साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जगाबद्दल जे शिकतं ते आयुष्यभर पुरतं. त्या काळात माणसाचा हात मऊ असतो, माणसाचा आवाज आला की चांगलं काहीतरी घडतं, हे कळलं नाही तर पुढे ते शिकवणं फार अवघड होऊन बसतं. म्हणजे मी त्या पिल्लाला माझी सवय लावत नाही, माणसाची लावते. जीव लावायला ते माझ्या घरी शिकतं आणि वापरतं पुढच्या घरी. त्या शिकण्यात मी कंजुषी केली, "द्यायचंच आहे तर लांबच ठेवू" म्हटलं, तर नुकसान त्याचं.

म्हणून रात्री रडणाऱ्या पिल्लाला रडू देऊन सवय लावा म्हणणाऱ्यांचं मी ऐकत नाही. पहिले काही दिवस माझा बिछाना जमिनीवर असतो आणि हात खोक्यात. पिल्लू बोटांवर हनुवटी टाकून झोपतं. मध्येच दचकून जागं होतं, बोटं हुंगतं, परत झोपतं. हुंगण्याच्या वेळा हळूहळू कमी होत जातात. त्या थांबल्या की मी हात काढून घेते.

देताना दोन गोष्टी करते. नवीन माणसांना आधी दोन-तीनदा घरी बोलावते, म्हणजे त्यांचा वास माझ्या घरातल्या वासात मिसळतो. आणि पिल्लाचं अंथरूण न धुता बरोबर देते. लोकांना ते घाण वाटतं, पण धुवू नका अशी विनंती करते.

नचिकेत
खूप चांगला धागा. मला सल्ला हवा आहे.

आमच्या ब्रूनोचं सगळं माझी बहीण बघायची. नोकरीसाठी ती दुसऱ्या शहरात गेली, तिथे कुत्रा ठेवता येत नाही. ती गेल्यापासून ब्रूनो नीट खात नाही, तिच्या खोलीच्या दाराशी पडून असतो. फिरायला नेलं तर पहिल्या वळणापर्यंत येतो आणि घराकडे ओढत परत आणतो. तिने व्हिडिओ कॉल केला की घरभर तिला शोधतो आणि नंतर कितीतरी वेळ कण्हत राहतो. आम्ही बाकीचे आहोत, प्रेमही करतो, पण आम्ही जणू त्याला दिसतच नाही. बहीण तिकडे रडते, हा इकडे. काय करावं?

गार्गी_व्हेट
@नचिकेत, पहिलं म्हणजे डॉक्टरांकडून तपासून घ्या. कुत्रं खात नसेल तर "मनाला लावून घेतलंय" असं गृहीत धरू नका. दात, यकृत, मूत्रपिंड, गोचिडांमुळे होणारे ताप यांतलं काहीही असू शकतं, आणि माणूस जाणं व आजार एकाच वेळी येऊ शकतात.

तपासणी ठीक निघाली तर: व्हिडिओ कॉल सध्या त्याच्यासमोर करू नका. आवाज आहे आणि वास नाही, हे त्याला उलगडत नाही. बहिणीने फोन जरूर करावा, तुम्ही दुसऱ्या खोलीत बोला.

वेळापत्रक बहिणीचंच ठेवा. ती ज्या वेळी, ज्या रस्त्याने न्यायची, तसंच न्या. "आता नवीन सुरुवात" म्हणून सगळं एकदम बदलू नका. माणूस गेलं तरी दिवसाचा आकार तोच राहिला, तर त्याला धरायला काहीतरी उरतं.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, तुम्ही चौघांनी मिळून त्याचं करू नका. एकाने करा. सकाळचं फिरणं, जेवण, केस विंचरणं, संध्याकाळचं नुसतं जवळ बसणं, हे बहुतांशी एकाच माणसाकडे असू दे. रानवारा यांनी सांगितलंय तसं, मागे न लागता. दाराशी पडून राहतो तर तुम्हीही पुस्तक घेऊन त्या दाराशी बसा. हाक मारू नका.

बहीण भेटायला आली की तो वेडा होईल आणि ती गेल्यावर पुन्हा थोडा ढासळेल. त्यामुळे तिने येऊ नये असं मात्र म्हणू नका. तिने जरूर यावं. येताना आणि जाताना फार रडारड नको, एवढंच.

काही आठवड्यांत फरक दिसायला हवा. नाही दिसला, किंवा एकटं ठेवल्यावर दारं ओरबाडणं, अंग चाटून जखमा करणं असं सुरू झालं, तर वर्तनतज्ज्ञ आणि औषधं दोन्हींची मदत घ्या. औषधाला घाबरू नका.

तुमच्या घरातलं वातावरणही त्याच्यापर्यंत पोचतं. स्वीडनमध्ये २०१९ साली ५८ कुत्र्यांच्या आणि त्यांच्या मालकिणींच्या केसांतलं कॉर्टिसॉल मोजलं होतं. दीर्घकाळच्या ताणाचा तो माग असतो. दोघांची पातळी बरोबरीने वरखाली होत होती. तेव्हा बहिणीला सांगा, तिकडे तिचंही नीट चालू दे.

पाऊलवाट
हाचिकोचा उल्लेख अजून कसा आला नाही याचं नवल वाटलं. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. टोकियोतले प्राध्यापक उएनो २१ मे १९२५ रोजी कामावर असताना वारले आणि हाचिको शिबुया स्टेशनावर त्यांची वाट बघत राहिला, ८ मार्च १९३५ ला मरेपर्यंत. त्याचा पुतळा तर तो जिवंत असतानाच, १९३४ मध्ये बसवला गेला आणि अनावरणाला तो स्वतः हजर होता.

पण हा धागा वाचताना मला त्या गोष्टीतला दुसरा माणूस आठवला. उएनो गेल्यावर हाचिको इकडेतिकडे ठेवला गेला आणि शेवटी त्यांच्याकडे पूर्वी बागकाम करणाऱ्या कोबायाशी यांच्या घरी राहिला. हाचिको उएनोंबरोबर दीड वर्षही राहिला नव्हता. कोबायाशींनी त्याला त्याच्या कितीतरी पट जास्त काळ सांभाळलं. तो रोज दुसऱ्या कुणाची तरी वाट बघायला जातो हे बघत सांभाळलं. त्याला कोंडून घालता आलं असतं. बांधता आलं असतं. त्यांनी त्याला जाऊ दिलं.

मृण्मयी म्हणतात की निगा राखणाऱ्या हाताला नातं मिळतं. बहुतेक वेळा मिळतही असेल. पण निगा राखूनही कुत्र्याचं मन दुसरीकडे असू शकतं, आणि तरी त्याचं करणारी माणसं असतात. त्यांच्याबद्दल मला जास्त आदर वाटतो. नचिकेत, ब्रूनोचं जो कुणी करेल त्याला हे सांगा.

मृण्मयी
पाऊलवाट, हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. मी नातं म्हणजे कुत्र्याकडून काय मिळतं यावरच बोलत राहिले. कोबायाशींनी काय दिलं तेही नातंच की.

निशिगंध
वाचतेय सगळं. आज लिहायचं बळ आलं.

आमचा सखा गेला. म्हातारा झाला होता. शेवटचे महिने मागचे पाय चालत नव्हते आणि रात्रीचा तो भरकटायचा. संध्याकाळ झाली की अस्वस्थ व्हायचा, कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा, तिथून मागे कसं यायचं ते त्याला आठवायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलं की म्हाताऱ्या कुत्र्यांनाही स्मृतिभ्रंशासारखा आजार होतो.

मोठा टॉवेल पोटाखालून घालून मागचा भाग उचलायचा आणि त्याच्या चालीने चालायचं. त्याची चाल म्हणजे चार पावलं, मग हुंगणं, मग दोन पावलं. दर काही तासांनी कूस बदलायची, नाहीतर कोपरांना जखमा होतात. रात्री अंगाखालचं ओलं बदलताना तो मान वर करून बघायचा आणि मनगट चाटायचा. एकदाच, हळू. घरातल्या बाकी कुणाची ओळख राहिली नव्हती त्या दिवसांतही.

लोक म्हणाले, आता कशाला एवढं करतेस, त्याला कुठे काय कळतं. मला तो तरुण असतानाचं धावणं कमी आठवतं. हे दिवस जास्त आठवतात. इतकं जवळ मी त्याच्या कधीच नव्हते.

शेवटी त्याला श्वास घेणं जड झालं आणि आम्ही दयामरणाचा निर्णय घेतला. तो निर्णय बरोबर होता हे कळतं. तरी रात्री जाग येते आणि हात खाली जातो.

सदाफुली
निशिगंध, जवळ असते तर येऊन बसले असते तुझ्याजवळ.

"एवढं करून काय उपयोग" म्हणणाऱ्यांना मी एक सांगते. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे १९१४ मध्ये एक थडगं सापडलं. सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचं. एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्याबरोबर पुरलेलं एक कुत्र्याचं पिल्लू. २०१८ मध्ये त्या पिल्लाच्या दातांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ते मेलं तेव्हा जेमतेम सात महिन्यांचं होतं, आणि त्याआधी त्याला बहुधा डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार झाला होता, एकदा नाही तर पुन्हा पुन्हा उलटून. मी डिस्टेंपरची पिल्लं सांभाळली आहेत. उलट्या, जुलाब, ताप, मग झटके. कुणी पाणी पाजलं नाही, पुसलं नाही, ऊब दिली नाही, तर पिल्लू तग धरत नाही. ते पिल्लू आठवडेच्या आठवडे जगलं, म्हणजे कुणीतरी ते केलं असणार, असं अभ्यासकही म्हणतात. आजारी पिल्लू ना शिकारीला कामाचं, ना राखणीला. तरी केलं, आणि गेल्यावर आपल्या माणसांबरोबर पुरलं.

सखाचं तू जे केलंस ते इतकं जुनं आहे.

गार्गी_व्हेट
निशिगंध, माझ्या बाजूने सांगते. दयामरणाच्या वेळी काही जण खोलीबाहेर जातात. मी कुणाला नावं ठेवत नाही, प्रत्येकाची सोसण्याची ताकद वेगळी. पण कुणी मला आधी विचारलं तर मी थांबा म्हणते. झोपेचं औषध चढेपर्यंत काही मिनिटं जातात. त्या वेळात कुत्र्याला त्याचं माणूस लागतं. डोकं मांडीवर, हात कानामागे, रोजच्या आवाजात रोजचंच बोलणं. तुम्ही होतात ना तिथे? मग त्याला जे हवं होतं ते मिळालं.

हात खाली जाणं बराच काळ चालेल. त्याला वेडेपणा समजू नका. ज्या दिवसाचा मोठा भाग दुसऱ्या जिवाच्या वेळेवर चालत होता, तो दिवस अचानक मोकळा होतो. आणि "कुत्राच तर होता" म्हणणारी माणसं भोवती असली की रडायलाही चोरी होते. इथे तशी चोरी नाही.

निशिगंध
होते. मांडीवरच होता. धन्यवाद तुम्हा दोघींना.

एक विचारायचं राहिलं. आमच्याकडे चिंगीसुद्धा आहे, सखाबरोबर वाढलेली. ती आता खेळत नाही, माझ्या मागे मागे फिरते, बाथरूमच्या दारापर्यंत. सखाच्या अंथरुणावर जाते, हुंगते, पण झोपत नाही. घरातले म्हणतात, तिच्यासाठी लगेच नवीन पिल्लू आणू. मला नको वाटतंय, पण तिच्यासाठी आणायला हवं का?

गार्गी_व्हेट
चिंगीचं वागणं अगदी नेहमीचं आहे. इटलीत २०२२ मध्ये, दोन कुत्र्यांपैकी एक गेलेल्या ४२६ माणसांकडून माहिती घेतली होती. मागे राहिलेल्या कुत्र्याचं वागणं बदललं असं बहुतेकांनी सांगितलं; कमी खेळणं आणि माणसाचं लक्ष जास्त मागणं हे जास्त दिसलं, काहींनी कमी खाणं आणि जास्त झोपणंही सांगितलं. दोघं किती वर्षं बरोबर राहिली याचा फारसा संबंध नव्हता. दोघांत किती जिव्हाळा होता आणि माणूस स्वतः किती दुःखात आहे, याचा होता.

म्हणून आत्ता पिल्लू आणू नका. पिल्लू दिवसभर अंगावर येतं, दात लावतं, तुमचा सगळा वेळ खातं. ज्या वेळी चिंगीला तुम्ही हव्या आहात त्याच वेळी तुम्ही तिच्या वाट्याला कमी याल. आणि तुमचं मन तयार नसताना आणलेल्या पिल्लावरही अन्याय होतो.

सखाचं अंथरूण इतक्यात उचलू नका, तिने जाणं थांबवलं की उचला. दोघं मिळून जायचे त्या रस्त्यावर तिला एकटीला न्या, हवं तितका वेळ हुंगू द्या. मागे मागे फिरते तर फिरू द्या, पण दिवसातून एकदोनदा अगदी थोडा वेळ दुसऱ्या खोलीत जाऊन या, म्हणजे तुम्ही जाता आणि परत येता हे तिला पुन्हा पक्कं होईल. दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर मात्र वाट बघत बसू नका, दवाखान्यात न्या.

नचिकेत
@गार्गी_व्हेट, ब्रूनोच्या तपासण्या ठीक आल्या. आता त्याचं सगळं मीच करायचं असं घरात ठरलंय. दाराशी बसायला उद्यापासून सुरुवात करतो. काही अडलं तर इथेच विचारेन.